पेल्याखालचा ढेकूण

इकडं ये गं मनू, अशी जवळ सरक. कागदावर लिहिलंय म्हणून काय झालं, बोलतेय मी तुझ्याशीच. तो मोबाईल पालथा ठेव, कानातली ती बोंडं काढ आणि दोन घटका आजीचं ऐक. काल रात्री तू तो फोटो पाठवलास, मी नेमकी जेवायला बसलेली. भाकरीचा घास हातात, दुसऱ्या हातानं मोबाईल उघडला, तर हे एवढं मोठं तपकिरी ध्यान माझ्याकडं बघतंय! घास तसाच ताटात ठेवला मी. बरं, तेवढ्यासाठी रागावत नाही. रागावतेय ती खाली तू जे लिहिलंस त्याच्यावरून. म्हणे तिथं लातुरात तुमच्या होस्टेलच्या खोलीत जळकोटकडची ती नवीन पोरगी आली, अश्विनी, तिच्याच अंथरुणातून हे ढेकूण आलेत आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिची गादी व्हरांड्यात काढली. वर तोंड वाकडं केलेली बाहुली. अगं, लाज कशी वाटली नाही? अंधारात दिसला किडा, की झाला ढेकूण, आणि खोलीत खेड्यातून आलेली पोर, की तिनंच आणला!

मी या वहीत माझं लहानपण लिहायला घेतलंय हे तुला ठाऊकच आहे. आज खरं तर आमच्या म्हशीबद्दल लिहायचं होतं. पण तुझा किडा आडवा आला, म्हैस राहू दे. तुझ्या त्याच लातुरात, तसाच एक किडा माझ्या वाकळीवर बसला होता आणि त्याच्यापायी माझी शाळा जायची वेळ आली होती. ते आता सांगते. जेवण झालेलं असेल तरच वाच.

माझ्या अण्णांचे चुलतभाऊ लातुरात कचेरीत कारकून होते, त्यांना मी काका म्हणायची. आमच्या गावची शाळा सातवीला संपायची. पुढं शिकवायचं तर मुखेडला रोज कोण पोचवणार, म्हणून काकांकडं ठेवायचं ठरलं. पण जूनमध्ये माय बाळंतीण, घरचं सगळं माझ्या अंगावर, म्हणून जायला दिवाळी उलटली. थंडी पडायला लागली तेव्हा अण्णांनी मला एसटीनं आणून सोडलं. माझ्याबरोबर एक पत्र्याची पेटी, मायनं तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आणि तुरीच्या ओल्या शेंगांचं एक पोतं. शेंगा म्हणजे आमच्याकडची श्रीमंती. रिकाम्या हातानं पोर कशी सोडायची, म्हणून अण्णांनी भल्या पहाटे, धुक्यात, हाताला लागतील तशा तोडून पोत्यात कोंबल्या होत्या.

काकांचं घर तीन खोल्यांचं, शहाबादी फरशीचं. फरशी अशी घासलेली की पाय ठेवायला भीती वाटायची. काकूंना स्वच्छतेचं लई वेड. सकाळ-संध्याकाळ फरशी पुसायची, न्हाणीत फिनेल, महिन्याला खाटा अंगणात काढून सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. शेजारणी कौतुक करायच्या तेव्हा काकू पदर सारखा करून म्हणायच्या, "माझ्या घरात मुंगीबी विचारून येते बाई." काकू बिलोलीकडच्या. बोलताना कुठंतरी त्यांचा तेलुगू हेल निघायचा, तो त्या दाबून टाकायच्या. घरात चौथं माणूस म्हणजे काकांची आई. तिला सगळे मोठी आई म्हणायचे. डोळ्यांनी तिला निम्मंच दिसायचं, पण कान आणि जीभ दोन्ही धारदार. काकूंनी काहीही केलं तरी मोठी आई ते बोटानं तपासायची. पाट, तांब्या, ताट. बोट फिरवायची आणि नाकाला लावायची. मला आधी वाटलं तिची सवय आहे. मग कळलं, ती फक्त काकूंच्याच कामावर बोट फिरवते.

पहिल्याच संध्याकाळी शेंगांचं भगुलं चढलं. तू खाल्ल्यात गं उकडलेल्या शेंगा, पण कुकरमधल्या. तेव्हा स्टोव्हची ती भर्रभर्र, पाण्याला मीठ, वर झाकण, आणि सगळ्या घरभर तो हिरवा, मातट, गोड वास. परातीत शेंगा ओतल्या की बल्बखाली गोल करून बसायचं, शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल परातीच्या कडेला. त्या संध्याकाळी नेमकी लाइट जात-येत होती. अंधारातच निम्म्या शेंगा संपल्या. मोठी आई मधेच थांबली, म्हणाली, "आज शेंगांला कसला उग्र वास येऊन राहिला गं?" काकू म्हणाल्या, "स्टोव्हचा असंल." काकांना एक दाणा कडू लागला, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि गिळून टाकला. मी मात्र मान ताठ करून बसले होते. आमच्या शेतातल्या शेंगा होत्या ना!

त्याच रात्री, सगळी झोपल्यावर, काकू पाण्याला उठल्या. बल्ब लावला आणि एकदम किंचाळल्या, "अय्यो, नल्ली! नल्ली!" मी दचकून उठले. माझ्या वाकळीवर, अगदी माझ्या गळ्यापाशी, एक तपकिरी किडा बसलेला. काकूंनी चप्पल उचलली आणि हाणली. आणि मग वास आला. मनू, तो वास मी तुला कसा सांगू? कोथिंबिरीची जुडी पिशवीत आठवडाभर सडली, तिच्यावर कुणी रॉकेल सांडलं आणि ते खवट तेलात परतलं, तर त्याच्या जवळपास जाईल. नाकात नाही, तो जिभेवर येऊन बसला. टाळूला चिकटला. काका उठून बसले आणि शर्टाच्या बाहीत नाक खुपसलं. मोठी आई आतून ओरडली, "काय मेलं?" वाकळीवर पिवळट डाग, त्यात दोन पाय अजून हलतायत.

"ढेकूण हाय," काकू म्हणाल्या. आता त्या शुद्ध लातुरी बोलत होत्या. "वाकळीत भरून आणलेत पोरीनं." त्यांनी दारामागची काठी घेतली, माझी वाकळ काठीच्या टोकावर उचलली, जशी मेलेली घूस उचलावी, आणि मागच्या दारी संडासाच्या भिंतीपाशी टाकून दिली. माझ्या मायच्या लुगड्याची वाकळ. तिच्यात तिच्या लग्नातलं हिरवं लुगडंपण होतं. मी उरलेली रात्र पेटीला टेकून, काकांचा कोट पांघरून काढली. कोटाला तपकिरीचा वास होता, पण त्याच्यापलीकडून तो दुसरा वास येतच राहिला.

सकाळी काकू चुलीपुढं, मी भांडी विसळत. मी धीर केला. "काकू, तो ढेकूण न्हवता. ढेकूण याच्यापेक्षा बारका असतो, अन् चपटा असतो, अन्—"

"तुला कसं ठाऊक?"

मी विसळलेलीच ताटली पुन्हा विसळायला घेतली.

"कसा असतो म्हणालीस? बारका? चपटा? पाहिलायस म्हणजे." काकूंनी भाकरी उलटली. "म्हणजे हायत तुमच्या घरी. मी तर बाई जन्मात पाहिला न्हाई. आमच्या बिलोलीला घर कसं आरशावानी."

आता सांग, काय बोलणार? ढेकूण ओळखता येतो म्हणावं तर घरात ढेकूण आहेत हे आलं. ओळखता येत नाही म्हणावं तर हा ढेकूण नाही हे कशावरून सांगायचं? तिथंच माझं तोंड शिवलं गेलं. काकू काकांना म्हणाल्या, "रविवारच्या गाडीनं पोचती करा तिला. शाळा काय मुखेडलाबी हाय." काका ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांनी आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि गालावर साबण लावत राहिले. बापडे भले होते, पण घरातल्या बायांच्या मधे पडायचे नाहीत.

मला घरी जायचं नव्हतं. हे आज सांगते, तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं. माय आठवायची, रडू यायचं, पण घरी गेले की पाळणा, शेण, पाणी आणि वर्ष-दोन वर्षांत लग्न, हे मला लख्ख दिसत होतं. शाळेत त्या दिवशी बाईंनी फळ्यावर मोठ्ठा भारताचा नकाशा काढला होता आणि मी तो उतरवूनही घेतला नाही. रविवारी जायचंच आहे, उतरवून काय करू, असं मनात आलं.

संध्याकाळी मला दुसरा दिसला. शेंगांचं पोतं कोपऱ्यात होतं, त्याच्या वरच भिंतीवर, अगदी ऐटीत चाललेला. किळस तर लई आली. पण मी काकांचा काचेचा पेला घेतला आणि पालथा घालून भिंतीवर दाबला. खाली वहीचा पुठ्ठा सरकवला आणि पेला तसाच आणून ओसरीवर ठेवला. मग मी पालथी पडून त्याच्याकडं बघितलं. असं जवळून, नाक दाबून. ढालीसारखा आकार. पाठीवर मधोमध त्रिकोण, कुणी कापून चिकटवावा तसा. दोन्ही खांद्यांना काटे, अगदी टोकदार, बैलाच्या शिंगांसारखे बाहेर आलेले. पोटाखाली सोंड दुमडून ठेवलेली. आणि पाठीच्या शेवटी पंख, अर्धे चामड्यासारखे जाड आणि अर्धे कांद्याच्या पापुद्र्यासारखे. आत बसून तो राग काढत होता, सगळा पेला आतून वासानं ओला झाल्यासारखा दिसायला लागला. घाण, घाण, घाण! पण मला पंख दिसले होते. मला तोंड उघडायची गरज नव्हती. त्यालाच दाखवू दे, म्हटलं.

जेवायला बसलो. येसराची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी पेला आणून बल्बखाली, ताटांच्या मधोमध ठेवला.

"हे काय? अगं, जेवणात काय आणलंस?" काकू मागं सरकल्या.

मी पेला उचलला. क्षणभर काही झालं नाही. मग तो फर्रर करून उडाला, असा आवाज केला की जणू कुणी कागद फाडला, बल्बावर आदळला, पुन्हा आदळला, आणि थेट काकांच्या आमटीत.

काका ताट सोडून उठलेच. मोठी आई मान वाकडी करून ऐकत होती. "काय फडफडलं रे?"

"किडा, आई. बल्बावर उडला. माझ्या वाटीत पडला."

"कालचाच?"

"कालच्यासारखाच."

"मंग ढेकूण उडतो व्हय?" मोठी आई हसायला लागली. "मायंदळ वर्सं झाली मला, ढेकणाला पंख आलेले न्हाई ऐकले. पोरगी खरं बोलून राहिली. शेतातला हाय हा. शेंगांत आला आसंल."

शेंगांत! सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं ते. काल अंधारात. तो उग्र वास. तो कडू दाणा. काकांनी तोंडावर हात ठेवला आणि न्हाणीकडं पळाले. आम्ही त्यांचा आवाज ऐकत बसलो. माझ्या जिभेवरून कालची एकेक शेंग पुन्हा फिरली. मला रडायचं होतं, ओकायचं होतं आणि आनंदानं नाचायचंही होतं, तिन्ही एकाच वेळी.

काकू मात्र हटल्या नाहीत. माणूस चुकीवर ठाम असलं की किती जोरात बोलतं, बघ. "उडू द्या न्हाईतर नाचू द्या. वास ढेकणाचाच हाय. चिरडला की तस्साच येतो. बोटाला लागला की दिवसभर जात न्हाई, कितीबी राख घासा."

मोठ्या आईचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"तुला गं काय ठाऊक, चिरडलेल्या ढेकणाचा वास?"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि मला रात्रीची ती किंकाळी आठवली. नल्ली. मुखेडच्या बाजारात देगलूरकडच्या बाया यायच्या, त्या ढेकणाला नल्लीच म्हणायच्या. जन्मात न पाहिलेल्या किड्याचं घरचं नाव झोपेतनं उठल्याबरोबर कुणाच्या तोंडी येतं का?

"तवाच म्हणले होते मी," मोठी आई सावकाश म्हणाली. तिला घाई नव्हती. वर्षानुवर्षं ताटांवर बोट फिरवून तिला जे सापडलं नव्हतं, ते आता तिच्या हाती लागलं होतं. "लग्नाच्या दिशीच म्हणले होते, बिलोलीवाल्यांच्या गादीत..."

आणि मी बोलले. कशी बोलले, ठाऊक नाही. काकूंचा मला राग होता, वाकळीचा तर फारच. पण त्यांचा चेहरा बघितला आणि सकाळी भांडी विसळताना माझा तो तसाच झाला असणार, असं वाटलं.

"मी सांगितला त्यांना वास. सकाळी. आमच्या घरी हायत ढेकूण. बाजेत हायत, भिंतीत हायत. मी रोज मारते."

मोठी आई माझ्याकडं वळली. "हाव?"

"हाव."

"बघ. खेड्यातलं लेकरू," ती म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. तिचा घास निसटला होता आणि ते तिला कळलं होतं.

काकू उठल्या. काकांची ती वाटी दोन बोटांत धरून मागच्या दारी नेऊन पालथी केली, हात राखेनं घासले, पुन्हा घासले. परत येऊन त्यांनी तव्यावरची गरम भाकरी आधी माझ्या ताटात टाकली. मोठ्या आईच्या आधी. वर तूप सोडलं. "जेव," म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडं तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही अशा, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगी राहणार हाय. शाळा बुडवून कुठं जाती." मला ती भाकरी गिळवेना. आमटीकडं तर बघवेना. पण मी ती सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मागच्या दारी चुलाण्यावर हंडा उकळत होता आणि काकू काठीनं माझी वाकळ त्यात ढवळत होत्या. वाफेनं त्यांचं तोंड लाल झालेलं. मी जाऊन शेजारी उकिडवी बसले.

"माझ्या मायनं नवा कापूस भरून गादी दिली होती," त्या हंड्यातच बघत म्हणाल्या. "नवा कापूस, नवं कापड. तुझ्या मोठ्या आईनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली न्हाई. अंगणात पडून भिजली ती. त्यात काईबी न्हवतं गं." थोड्या वेळानं काठी थांबली. "तुमच्या घरी खरंच हायत का?"

"हायत," मी म्हणाले.

काकूंनी इकडंतिकडं बघितलं. "आमच्याबी होते. लई! रातच्याला कंदील धरून अंगठ्यानं भिंतीवर चिरडायचो आम्ही बहिणी. भिंतीवर लाल रेघाच रेघा. कुणाची रेघ लांब, पैज लावायचो." आणि पदर तोंडात कोंबून अशा हसायला लागल्या की हंड्यातली काठी निसटली. मला किळस आली आणि मीपण हसले. इतकी घाण गोष्ट सांगून इतकं मोकळं झालेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मी त्या घरी नववीपर्यंत राहिले. पुढं लग्न झालं, बाकीचं जे काय वाचायला-लिहायला आलं ते माझं मीच केलं. पण वही-पेन हातात धरायची गोडी लागली ती त्याच घरात. रविवार आला आणि गेला, मी भारताचा नकाशा मैत्रिणीच्या वहीतनं उतरवून घेतला. वाकळ मात्र उकळून उकळून अशी विटली की मायचं हिरवं लुगडं कुठलं, ते ओळखू येईना.

आता तुझ्या किड्याचं. आज सकाळी तुझ्या मामाला फोटो दाखवला. त्यानं मोठा करून बघितला आणि म्हणाला, "आई, खांद्याला काटे दिसत न्हाईत का? हा तुरीतला हाय. अळ्या खातो, आपण मारत न्हाई ह्याला." म्हणे अळीत सोंड खुपसतो आणि ती लोंबत असताना आतून शोषून घेतो. ऐकून मला चहा जाईना. उपकारी असेल बाई, शेतकऱ्याचा मित्र असेल, पण किळस ती किळसच. त्याला पेल्याखाली धर आणि बघ, खांद्याला काटे, पाठीला पंख. मग खिडकीतनं सोडून दे. चिरडू नको, आणि चिरडलास तर बोट नाकाला लावू नको, कितीही मोह झाला तरी. तुम्ही सगळ्या लावणार, ठाऊक आहे मला. आणि ती अश्विनी घरनं काय घेऊन आली होती, विचार. मी पैजेवर सांगते, पिशवीत शेंगा होत्या. तुम्ही खाल्ल्यात त्या.

एवढं मी आज फोनवरपण सांगणार आहे, ही वही हाती पडेपर्यंत थांबू नको. आजच तिची गादी स्वतःच्या हातानं आत आण, सगळ्यांच्या देखत आण. आणि लवकर ये मुखेडला, शेंगा निबर व्हायच्या आत. उदगीरहून जळकोटमार्गे गाडी आहे, वाटेत तिचं गाव लागतंच, तिलाही बरोबर घेऊन ये. तिला म्हणावं, वाकळ असेल तर तीपण आण, माझ्या खाटेशेजारी अंथरू. शेंगा मी भर उन्हात बसून, एकेक उलटून, निवडून ठेवते.